खालूंचा ट्राऊट

खालूंना थांबलेली गाडी आवडायची. शारजाहून दुबईला रोज ये-जा करणाऱ्या माणसाला असं काही आवडू शकतं, हे मला ते माझ्या शेजारच्या सीटवर बसायला लागेपर्यंत माहीत नव्हतं. सकाळी पुढे लाल दिव्यांची रांग लागली की मी आधी उशिराला, मग बॉसला आणि मग मुलीच्या फीला घाबरायला लागायचो. खालू मात्र सीट मागे सरकवायचे. पायाशी ठेवलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून चिमट्यासारखं एक यंत्र काढायचे, ते डॅशबोर्डच्या कडेला आवळायचे, त्याच्या तोंडात एक बारीकसा हूक धरायचे आणि म्हणायचे, "यल्ला पंडित, आता हलू नकोस."

गाडी मी चालवत होतो. पुढे हजारभर गाड्या उभ्या होत्या. हलण्याचा प्रश्नच नव्हता.

मग त्या हुकावर दोरा, पीस आणि कुणाचे तरी केस गुंडाळून त्याची माशी व्हायची. पंख, शेपूट, सगळं. ही माशी पाण्यावर अशी उतरवायची की मासा तिला खरी समजून वर यावा आणि तिला धरून फसावा. मग खालूंनी त्याला ओल्या हातांनी उचलावं, त्याचं तोंड सोडवावं आणि त्याला परत पाण्यात सोडून द्यावं. या शेवटच्या भागावर त्यांच्या घरी फार वाद होता.

ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. आमच्या ऑफिसात त्यांना सगळे खालू, म्हणजे मावशीचे यजमान, म्हणायचे, मल्याळीसुद्धा, इजिप्तचे मिसरीसुद्धा. त्यांची बायको ती साहजिकच खाला. खाला मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती, "माझा सासरा जाळं टाकायचा, टोपलीभर मासे घरी यायचे. आमचा हा नवरा आख्खी संध्याकाळ उभा राहून एक मासा धरतो आणि त्याला खुदा हाफिज म्हणून येतो. वर घरी येऊन मला विचारतो, जेवायला काय आहे."

"खतम, आता परत सुरू झाली," खालू म्हणाले.

"सुरू काय? खोटं बोलते का मी? तुम्ही सांगा भाऊ, तुम्ही शाकाहारी माणूस. मासा धरून सोडणं हे तुमच्यात पुण्य की पाप?"

मी फार विचारात पडलो. माझी ती खोडच आहे. मला कुणी साधी वेळ विचारली तरी घड्याळ बरोबर आहे ना याची मी जबाबदारी घेतो. धरणं हे पाप आणि सोडणं हे पुण्य, असं मी शेवटी म्हणालो, पण त्यांची बेरीज काय होते ते मला सांगता येणार नाही. खालू इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून मी पंडित.

आम्ही दोघं व्हिलांच्या एका मोठ्या वसाहतीची देखभाल करणाऱ्या कंपनीत होतो. वाळवंट खणून केलेलं तळं, भोवती गवत, गवताभोवती व्हिला. तळ्याचं पाणी, पंप आणि कारंजी खालूंकडे. बाकी सगळं माझ्याकडे, म्हणजे लिफ्टपासून मुंग्यांपर्यंतच्या तक्रारी. तळ्यात मासे धरून सोडून द्यायला परवानगी होती. त्यासाठी पास लागे आणि पास मी द्यायचो. खालूंचा पास दर वर्षी नवा करताना मी सही करण्याआधी माशांची मनातल्या मनात माफी मागत असे, हे आज सांगून टाकतो.

हे वेड त्यांना लावलं ते जबल अलीच्या बंदरातल्या त्यांच्या जुन्या गोऱ्या साहेबाने. तो देश सोडून जाताना आपली काठी, रीळ आणि तो पत्र्याचा डबा खालूंना देऊन गेला. त्याच्या गावी म्हणे डोंगरात एक तळं होतं. वसंतात तिथे एक दिवस असा यायचा की तळ्याच्या तळातून लाखो माश्या एकदम वर यायच्या, पंख वाळवायच्या आणि ट्राऊट नावाचे मासे वेड्यासारखे वर येऊन त्या गिळायचे. साहेब एवढंच बोलायचा. खालूंनी ते इतकी वर्षं ऐकलं होतं की त्या तळ्यावरचं धुकं ते मला सवयीने दाखवायचे, समोर ट्रकचा धूर असला तरी.

ट्राऊट त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आमच्या तळ्यात होता तो तिलापिया. मी एकदा भीत भीत तसं म्हटलं.

"मला ठाऊक आहे काय आहे ते," खालू म्हणाले. "मासळीबाजारात बर्फावर पडलाय तो तिलापिया. पण जो पाण्याखालून वर बघतो, हिशेब करतो आणि मग सुळकन येऊन माशी उचलतो, तो ट्राऊट. ती जात नाही पंडित, ती वागणूक आहे."

"मग शार्कही..."

"उचलली त्याने माशी, तर शार्कही."

गाडी चालवायचं लायसन्स त्यांना कधीच मिळालं नाही. ते इतक्यांदा नापास झाले की टेस्ट घेणारा इन्स्पेक्टर त्यांना सणाला शुभेच्छा पाठवायचा. कारण माझ्या लक्षात आलं होतं. त्यांचा उजवा हात रिकामा राहायचा नाही. त्या हातात प्लास्टिकची पट्टी घेऊन, खिडकीबाहेर कोपर काढून ते गळ फेकायचा सराव करायचे. "मागे, थांब, पुढे. मागे, थांब, पुढे. थांब महत्त्वाचं. दोरी मागे पूर्ण उलगडू द्यायची. तुझ्यासारखी घाई केली की गाठ बसते." शेजारच्या लेनमधल्या ट्रकवरचा पठाण ड्रायव्हर पहिल्या दिवशी हे बघून चकित झाला. दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं हा माणूस आपल्याला सलाम करतोय. तिसऱ्या दिवसापासून तोही खिडकीतून हात मागे-पुढे करायला लागला. माझी मुलगी एकदा मागच्या सीटवर होती. ती म्हणाली, "बाबा, प्लीज रोल अप द विंडो. धिस इज सो एम्बॅरसिंग." मी काच वर करायला बटण दाबलं आणि खालूंची पट्टी मोडली. त्या पट्टीबद्दल मला अजून वाईट वाटतं.

आमच्या तळ्यातही त्या माश्या होत्या, हा खालूंचा शोध. कारंज्याचा पंप दुरुस्त करताना जाळीला चिकटलेल्या आळ्या त्यांना दिसल्या. उन्हाळा चढायच्या आधी काही संध्याकाळी त्या पंख घेऊन पाण्यावर येतात. पंख काचेसारखे उभे, शेपटाला दोनतीन लांब केस, आणि आयुष्य एखाद्या दिवसाचं. "आणि तोंडच नाही," खालू मला हातावर बसलेली एक दाखवत म्हणाले. "वर आल्यावर खाणं नाही, पिणं नाही. जन्मभर रोजा." तेव्हापासून त्यांचं नाव रोजेदार.

पण रोजेदारांच्या त्या संध्याकाळी, स्वतः बांधलेल्या माशीवर खालूंना कधीच मासा लागला नव्हता. इतर दिवशी लागे. कणकेच्या गोळीवर तर पोरांनाही लागे. हे मासे ते हिशेबात धरत नसत. साहेबाच्या गोष्टीतली संध्याकाळ त्यांना एकदा हवी होती. दर वर्षी माश्या उठायच्या, खालू धावायचे, आणि बघता बघता माश्या पाण्यावरून नाहीशा होऊन व्हिलांच्या बागांतल्या दिव्यांवर जाऊन आपटायच्या. मासे खालीच राहायचे. खालू घरी यायचे आणि खाला विचारायची, "मग? आज कुणाला सोडलंत?"

त्यांचं निवृत्तीचं वर्ष आलं. व्हिसा संपत होता, गावच्या घराला रंग देऊन झाला होता, ईदच्या दुसऱ्या दिवसाचं तिकीट होतं. आणि त्याच वर्षी रोजेदार रमजानच्या शेवटच्या आठवड्यात उठले. खऱ्या रोजेदारांच्या बरोबर इफ्तारच्या वेळी.

वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आग लागली. तळ्याकाठच्या एका मॅडमनी सूपच्या वाडग्याचा फोटो टाकला, त्यात सहा पंख. मग इफ्तारच्या हरिरा सूपच्या वाडग्याचा. मग कुणाच्या तरी आजोबांच्या चष्म्याचा. सगळ्या फोटोंखाली माझं नाव. फवारणीवाल्याला बोलावणं मला भाग होतं. त्याचा धूर सुटला की माश्या संपणार, त्या वर्षीच्या तरी. आणि खालूंना पुढचं वर्ष नव्हतं.

गाडीत मी त्यांना हे सांगितलं तेव्हा आम्ही शारजाच्या हद्दीत उभे होतो. त्यांनी डॅशबोर्डवरचं यंत्र सोडवलं, डब्यात ठेवलं आणि डबा बंद केला. गाडी उभी असताना त्यांचे दोन्ही हात मांडीवर मी पहिल्यांदाच पाहिले.

"परवा संध्याकाळी बोलावलंय," मी म्हणालो. "मी काय करू खालू? लोक सूप पीत असतात."

"बरोबर आहे. सूपात कुणाला आवडेल."

ते रागावले असते तर मला सोसलं असतं. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. समजूतदार माणसाचं काय करायचं? मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी मला एकदम सुचलं: माश्या सूपाकडे येत नाहीत, दिव्याकडे येतात. दिवे बंद केले तर सूपही वाचेल आणि फवारणीही लांबेल. मी फवारणी ईदनंतर ढकलली आणि ग्रुपवर पत्रक टाकलं: सर्व रहिवाशांना नम्र विनंती, उद्या सूर्यास्तापासून तासभर तळ्याच्या बाजूचे बागेतले आणि बाल्कनीतले दिवे कृपया बंद ठेवावेत, गैरसोयीबद्दल मनापासून क्षमस्व. कारण मात्र मला लिहवेना. माश्यांसाठी असं लिहिलं तर अर्धंच खरं, माझ्या मित्राला मासा धरायचाय हे लिहिलं तर नोकरी जाणार. खोटं लिहिणं मला जमत नाही. म्हणून कारणाची जागा मी रिकामी सोडली आणि क्षमस्व दोनदा लिहिलं.

खालूंना हे सांगितलं तेव्हा ते हातात तळ्यावरून आणलेला एक मेलेला रोजेदार धरून बसले होते. रस्ता तुंबलेला. त्यांनी ती माशी उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिलं, मग माशी माझ्या मानेजवळ आणली.

"हलू नकोस."

"काय झालं?"

"मेंदी कोण लावतं तुला?"

"बायको."

"महिना झाला ना लावून? उतरत आलेली, अर्धी तांबूस, अर्धी पिवळी. या अल्ला, इतकी वर्षं मी कोंबडीची पिसं, शेजाऱ्याचं मांजर, खालाच्या ओढणीचा दोरा सगळं करून बघितलं, आणि रंग माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होता!"

कात्रीचा आवाज झाला. मागून हॉर्न वाजले. अशा रीतीने माझ्या मानेवरचे केस माशी झाले. केसानं गळा कापणं हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात वापरला होता, पण तो असा अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या जरा आधी आम्ही तळ्याच्या लाकडी धक्क्यावर गेलो. खाला थर्मास आणि भज्यांचा डबा घेऊन आली होती, देश सोडण्याआधी नवऱ्याचं वेड एकदा डोळ्यांनी बघायला. आणि मग लोक यायला लागले. आधी एक कुटुंब, सतरंजी घेऊन. मग चार पोरं, मग दुर्बीण गळ्यात घातलेले एक आजोबा, मग सूपवाल्या मॅडम, मग लेबनीज, पाकिस्तानी, हैदराबादी, सगळी वसाहत. नेपाळी सिक्युरिटी गार्ड धावत माझ्याकडे आला. "सर, आपने ही बुलाया है ना?"

"मी? कशाला?"

"चाँद देखने के लिए."

मी घाईने रोजे मोजले. ती रमजानची एकोणतिसावी संध्याकाळ होती. त्या संध्याकाळी चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर आणखी एक रोजा. आणि मी, कारण न देता, सूर्यास्तापासून दिवे बंद ठेवा म्हणून सगळ्यांना विनवलं होतं! लोकांनी कारणाची रिकामी जागा आपापसांत भरली होती. दुर्बीणवाले आजोबा माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बेटा, एवढ्या वर्षांत मॅनेजमेंटने पहिल्यांदा असा विचार केला. अल्लाह तुला सुखी ठेवो." मी त्यांना खरं सांगायला तोंड उघडलं होतं. खालूंनी माझ्या पाठीत कोपर मारलं.

"दुआ मिळतेय तर घे, पंडित. सुटे परत करत बसू नकोस."

अजान झाली. सगळ्यांनी खजूर तोंडात टाकले. तळ्याभोवती एकही दिवा नव्हता, आकाश अजून तांबडं होतं. आणि पाणी हललं. आधी मला पाऊस वाटला, पण थेंब वरून पडत नव्हते, खालून उठत होते. एक रोजेदार, दहा, मग मोजणं संपलं. पंख वाळवत त्या पाण्यावर उभ्या राहिल्या. जायला दिवाच नव्हता, म्हणून त्या तळ्यावरच नाचायला लागल्या, वर-खाली, वर-खाली, धुरासारख्या. आणि मग मासे आले. फट्, फट्, फट्, सगळं तळं उकळल्यासारखं.

"दिवे," खालू खजूर गालात धरून पुटपुटले. "इतकी वर्षं ते दिवेच होते."

सगळी वसाहत पश्चिमेकडे, वर बघत होती. खाली पाण्याकडे बघणारे आम्ही तिघंच. खालूंनी काठी उचलली. मागे. थांब. ती पिवळी दोरी आजोबांच्या टोपीवरून सरळ उलगडत गेली. पुढे. माझे केस तळ्यावर उतरले, इतके अलगद की मलाच गुदगुल्या झाल्या.

"घे," खाला म्हणाली. ती खालूंना म्हणत नव्हती, माशाला म्हणत होती. "घे रे बाबा एकदा."

एक तोंड वर आलं, हिशेब केल्यासारखं थबकलं आणि माशी नाहीशी झाली. काठी कमानीसारखी वाकली, रीळ किंचाळलं, आणि त्याच क्षणी आजोबांनी दुर्बीण उंचावून आरोळी ठोकली.

"चाँद! वो देखो, चाँद!"

एकच कल्लोळ झाला. सगळ्यांचे हात दुआसाठी वर गेले. खालूंचे दोन्ही हात काठीत अडकलेले. त्यांनी चंद्राकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि लहान मुलासारखे ओरडले, "पंडित, धर!"

"काय धरू?"

"काठी! मला दुआ मागायचीय!"

"नंतर मागा ना!"

"चाँद थांबतो काय? टॉवरच्या मागे चालला तो!"

"मासा तरी थांबतो का? खालू, मी शाकाहारी आहे!"

"तुला धरायला सांगतोय, खायला नाही!"

काठी माझ्या हातात आली होती. ती जिवंत होती. दुसऱ्या टोकाला कुणीतरी माझ्याशी हस्तांदोलन करत होतं आणि सोडत नव्हतं. शेजारी खालू हात पसरून, डोळे मिटून, इतकी लांब दुआ मागत होते की त्यात गावच्या घराचा रंगही आला असावा. मी "सॉरी, सॉरी" म्हणत रीळ फिरवत होतो. हे मी माशाला म्हणत होतो, पण दोन पोरं मला "इट्स ओके अंकल" म्हणाली. कुणीतरी आनंदाने मला मिठी मारली, "ईद मुबारक!", आणि दोरी सैल पडली. मी किंचाळलो. दोरी परत ताणली. मी खोखो हसत होतो. मी कधी असा हसलो होतो ते मला आठवत नाही, आणि तेही एका जिवाचा छळ करत असताना!

"आमीन," खालू म्हणाले. धक्क्यावर पालथे पडून त्यांनी हात ओले केले आणि माशाला उचललं. वीतभर, राखाडी, रागावलेला. खालाने वाकून पाहिलं.

"एवढासा? याच्यासाठी एवढी वर्षं?"

"बघ ना," खालू म्हणाले. "बघ तरी कसा आहे."

तिने नीट पाहिलं. मग पदराने नवऱ्याच्या कपाळावरचं पाणी पुसलं आणि म्हणाली, "छान आहे. आता सोडा त्याला, त्याची पण ईद आहे."

खालूंनी माझे केस माशाच्या ओठातून सोडवले आणि हात पाण्यात बुडवून तो मासा जाऊ दिला. मी अजून काठी धरून उभा होतो.

"खालू, पण मासा कुणी धरला म्हणायचा? बांधली तुम्ही, फेकली तुम्ही, ओढला मी."

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "मासा माझा. पाप तुझं."

तिसऱ्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडलं. काठी त्यांनी माझ्या गाडीतच विसरल्यासारखी ठेवली.

काही महिन्यांनी, मी त्याच शारजाच्या रांगेत उभा असताना त्यांचा व्हिडिओ कॉल आला. पाठीमागे खाडी, नारळ, आणि धक्क्यावर बसलेले गावचे दहाबारा लोक. खालूंचा चेहरा लाल झाला होता.

"पंडित, यांना जरा सांग. माझा मेव्हणा म्हणतो ट्राऊट थंड पाण्यातला मासा, दुबईत कुठून येणार? फोनवर शोधून आलाय शहाणा. आणि हा फोटो बघ."

फोटो खालाने काढला होता. नेमका तेव्हाच. त्यात खालू आकाशाकडे हात पसरून उभे होते, आणि वाकलेली काठी धरून, तोंड वासून मी. मासा कुठेच नव्हता.

मेव्हण्याने फोन स्वतःकडे ओढला. "भाऊ, तुम्ही खोटं बोलत नाही असं ताई म्हणते. सांगा, ट्राऊट होता?"

मागे खालू उभे होते. त्यांचा उजवा हात हलत नव्हता.

"होता," मी म्हणालो.

"आणि काढला कुणी?"

"खालूंनी. मी फक्त शेजारी होतो."

तिकडे एकदम गलका झाला, कुणीतरी मेव्हण्याच्या पाठीत गुद्दा घातला, आणि फोन हातातून निसटून आकाश दाखवायला लागला. त्या आकाशात एक हात पुन्हा पुन्हा येत होता. मागे, थांब, पुढे. मागे, थांब, पुढे. मी नेहमीप्रमाणे वाईट वाटायची वाट पाहिली. वाटलं नाही. पाप ठरल्याप्रमाणे माझ्याकडेच आलं होतं, आणि ते फार हलकं निघालं.

मागून हॉर्न वाजला. पुढचा रस्ता केव्हाच मोकळा झाला होता. मी काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं.